वाय-फायचा दिवा लागेपर्यंत



इतिहासाच्या तासाला बाई वहीचे पान उभे तीन भागांत आखायला लावत : कारणे, घटनाक्रम, परिणाम. पानिपत असो की फ्रेंच राज्यक्रांती, सगळे त्या तीन रकान्यांत बसवायचे. स्मरणिकेसाठी "तुझ्या कामातले काहीतरी लिही, पण आम्हाला कळेल असे लिही," अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मी तेच तीन रकाने आखून बसले. विषय घेतला तो आपल्या बॅचच्या वयाबरोबर वाढलेला : लॅपटॉपमधले वाय-फायचे कार्ड लिनक्सवर कसे चालू झाले.

वाय-फाय तर आपोआप लागते, त्यात इतिहास कसला, असे कोणी म्हणेल. ते आपोआप लागावे यासाठी साधारण दहा वर्षे जगभरातल्या काही माणसांनी चिकाटीने काम केले. त्यातल्या अनेकांनी ते नोकरी सांभाळून, रात्री जागून, एक पैसा न घेता केले. त्यांची नावे शाळेच्या कुठल्याच पुस्तकात येणार नाहीत, म्हणून निदान आपल्या स्मरणिकेत यावीत असे वाटले.

आधी दोन शब्दांची ओळख

आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, वकील आहेत, द्राक्षबागायतदार आहेत, स्वतः शिक्षक झालेले आहेत. त्यामुळे दोन शब्द आधी सांगते.

पहिला शब्द कर्नेल. सैन्यातला नव्हे. संगणकातल्या सगळ्या भागांना कामे वाटून देणारा जो मुख्य प्रोग्रॅम असतो, तो कर्नेल. लिनक्स हे अशाच एका कर्नेलचे नाव. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस तोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण असे काही लिहीत असल्याचे जाहीर केले. आपण तेव्हा सहावीत होतो. १९९२ मध्ये त्याने लिनक्सला जीपीएल नावाचा परवाना लावला. त्याचा मथितार्थ असा : हा प्रोग्रॅम कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, मात्र बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात, तर तुमचे बदलही त्याला वाचता आले पाहिजेत.

दुसरा शब्द ड्रायव्हर. हा कर्नेल आणि यंत्रभाग यांच्यामधला दुभाषा. वाय-फायच्या चिपमध्ये क्रमांक दिलेले कप्पे असतात अशी कल्पना करा. एका कप्प्यात ठरावीक आकडा लिहिला की रेडिओ चालू होतो, दुसऱ्यात लिहिला की चॅनल बदलतो, तिसऱ्यात वाचले की समोरून काय आले ते कळते. कोणत्या कप्प्यात काय लिहायचे ते सगळे एका माहितीपुस्तिकेत असते आणि ती पुस्तिका चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कपाटात असते. विंडोजसाठीचा ड्रायव्हर लॅपटॉपबरोबर सीडीवर मिळायचा. लिनक्ससाठी बहुतेक कंपन्या ड्रायव्हरही देत नसत आणि पुस्तिकाही दाखवत नसत. सगळ्या भांडणाचे मूळ इथे आहे.

कारणे

पहिले कारण हवेतल्या लहरींच्या मालकीचे. आपल्या आजोबांच्या काळात घरात रेडिओ ठेवायला परवाना लागायचा. पोस्टातून मिळणारे ते छोटे पुस्तक काहींच्या घरी अजून असेल. तो नियम १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याखालचा. लहरी सरकारच्या आणि त्या वापरायच्या तर परवानगी हवी, हे तत्त्व जगभर सारखेच होते. १९८५ मध्ये, आपण बालवाडीत असताना, अमेरिकेच्या एफसीसी या दळणवळण आयोगाने २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आणि आणखी दोन पट्टे विनापरवाना संपर्कासाठी खुले केले. हा पट्टा तोवर मायक्रोवेव्ह भट्ट्यांसारख्या उपकरणांसाठी सोडलेला होता.

त्या मोकळ्या जागेत पहिली घरे बांधणाऱ्यांत एनसीआर ही गल्ला-यंत्रे बनवणारी कंपनी होती. दुकानातली यंत्रे हलवली की दर वेळी तारा नव्याने ओढाव्या लागतात, ते टाळावे म्हणून तिच्या नेदरलँड्समधल्या अभियंत्यांनी 'वेव्हलॅन' हे बिनतारी कार्ड तयार केले. त्याच कंपनीतले विक हेज हे आयईईई या संस्थेच्या '८०२.११' समितीचे अध्यक्ष झाले. १९९७ मध्ये, आपण बारावीत गेलो त्या वर्षी, पहिले मानक मंजूर झाले. वेग सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ मध्ये ११ मेगाबिटचे ८०२.११बी आले, 'वाय-फाय' हे नाव आले आणि ॲपलने आयबुक या लॅपटॉपमध्ये ते बसवण्याची सोय केली.

भारतात हा पट्टा सर्वांना विनापरवाना वापरता यावा असा नियम जानेवारी २००५ मध्ये निघाला. त्याला आधार होता तो १८८५ च्या तार कायद्याचा आणि त्याच १९३३ च्या बिनतारी कायद्याचा. आजोबांच्या रेडिओला परवाना लावणाऱ्या कायद्यानेच नातीचे वाय-फाय परवान्यातून मोकळे केले.

दुसरे कारण कंपन्यांच्या गुप्ततेचे. त्यात व्यापाराचा भाग होता : पुस्तिका उघड केली तर प्रतिस्पर्धी ती वाचतील. गिऱ्हाइकाचा भाग होता : लिनक्स वापरणारे मूठभर, त्यांच्यासाठी कोण खर्च करणार? आणि कायद्याचाही भाग होता, तो अगदीच खोटा नव्हता. नव्या चिपमध्ये कोणत्या लहरीवर आणि किती ताकदीने बोलायचे हे प्रोग्रॅम ठरवत होता. प्रोग्रॅम उघडा केला तर कोणीतरी विमानतळाच्या किंवा हवामान खात्याच्या रडारच्या लहरींत ढवळाढवळ करील आणि जाब आपल्याला द्यावा लागेल, अशी भीती कंपन्या सांगत.

तिसरे कारण जुने आहे आणि ते एका छपाईयंत्राशी जोडलेले आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचे नवे लेझर प्रिंटर आले. कागद अडकला की ते गप्प बसून राही. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने त्याचा सोर्स कोड मागितला, म्हणजे कागद अडकल्याचा निरोप सगळ्यांना जाईल अशी दुरुस्ती त्याला करता आली असती. ज्याच्याकडे कोड होता त्या प्राध्यापकाने गुप्ततेचे वचन दिले होते, म्हणून त्याने नकार दिला. १९८३ मध्ये स्टॉलमनने जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि पुढे जीपीएल परवाना लिहिला, तोच लिनक्सने घेतला. आपल्या खोलीत ठेवलेले यंत्र आपल्याला दुरुस्त करता येऊ नये, ही तक्रार वाय-फायच्या आधीपासूनची आहे.

घटनाक्रम

सुरुवात तशी बरी झाली. १९९६-९७ च्या सुमारास एचपीच्या प्रयोगशाळेतले ज्याँ तूरिल यांनी लिनक्समध्ये बिनतारी कार्डांसाठी एक समान पद्धत घालून दिली आणि 'आयडब्ल्यूकॉन्फिग' ही आज्ञा दिली. वेव्हलॅन घराण्यातल्या कार्डांसाठी 'ओरिनोको' हा ड्रायव्हर तयार झाला. फिनलंडच्या योउनी मालिनेन यांनी 'प्रिझम' या चिपसाठी 'होस्टएपी' लिहिला. त्यामुळे साधा संगणक स्वतःच वाय-फाय केंद्र बनू शकला. याच मालिनेन यांनी २००३ पासून 'डब्ल्यूपीए सप्लिकंट' हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. वाय-फायचा पासवर्ड तपासून सुरक्षित जोडणी करणे हे त्याचे काम. आज हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या हातात अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्या फोनमध्ये तो आहे.

मार्च २००३ मध्ये इंटेलने 'सेंट्रिनो' आणले आणि लॅपटॉप म्हणजे वाय-फाय हे समीकरण पक्के झाले. आपण नोकरीला लागून वर्ष झाले होते. सेंट्रिनोच्या बिनतारी चिपसाठी लिनक्सचा ड्रायव्हर मात्र नव्हता. इंटेलने तो प्रकल्प २००४ मध्ये उघडपणे सुरू केला. दरम्यान ज्यांनी लॅपटॉप घेतले होते, त्यांच्याकडे रेडिओ होता पण बोलता येत नव्हते.

त्या कोंडीत एक अजब युक्ती निघाली. २००३ मध्ये पाँटस फुक्स यांनी 'एनडीआयएस-रॅपर' सुरू केला आणि पुढे गिरिधर पेम्मसानी यांनी तो वाढवला. हा प्रोग्रॅम लिनक्सच्या आत बसून विंडोजचे सोंग घेई. कंपनीच्या सीडीवरचा विंडोजचा ड्रायव्हर उचलून आणायचा. त्याला वाटे आपण विंडोजमध्येच आहोत आणि तो निमूट काम करी. कर्नेलच्या जाणकारांना हे फारसे रुचले नाही. ज्याचा कोड वाचता येत नाही असा प्रोग्रॅम आत घेतला की लिनक्स स्वतःवर 'टेंटेड' अशी खूण करून घेतो. आपल्या भाषेत, बाटलेला. मग काही बिघडले तर कर्नेलचे लोक हात वर करत : आत काय चालले आहे ते दिसतच नाही, तर शोधणार काय?

ब्रॉडकॉम या कंपनीची गोष्ट सगळ्यांत रंजक आहे. तिच्या चिप असंख्य लॅपटॉपमध्ये होत्या आणि लिनक्ससाठी ती काहीच देत नव्हती. पण घरोघरी खपणाऱ्या लिंक्सिसच्या 'डब्ल्यूआरटी५४जी' या वाय-फाय राउटरमध्येही ब्रॉडकॉमचीच चिप होती, आणि २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आले की तो राउटर आतून लिनक्सवर चालतो. जीपीएलचा नियम आठवा : लिनक्स वाटता, तर कोडही द्या. त्या वर्षी लिंक्सिसला तो कोड खुला करावा लागला आणि त्यातून पुढे 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. नेमका वाय-फायचा ड्रायव्हर तेवढा बंद पेटीतच राहिला. म्हणजे ब्रॉडकॉमची चिप लिनक्सवर उत्तम चालत होती, फक्त ती कशी चालते ते वाचायला मिळत नव्हते.

मग काही प्रोग्रॅमरांनी ती बंद पेटी उलगडायला घेतली. हे काम त्यांनी ज्या शिस्तीने केले त्याला 'क्लीन रूम' पद्धत म्हणतात. माणसांचे दोन गट केले. पहिल्या गटाने राउटरमधल्या बंद ड्रायव्हरमधल्या यंत्राच्या आज्ञा एकेक करून वाचल्या आणि चिप कशी वागते याचे साध्या शब्दांत वर्णन लिहिले : अमुक कप्प्यात अमुक आकडा लिहा, इतका वेळ थांबा, मग तमुक वाचा. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही न पाहता फक्त त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. म्हणजे नक्कल केल्याचा आरोप कोणाला करता येऊ नये. कंपनीने नाकारलेली पुस्तिका त्यांनी बाहेरून, तर्काने, पुन्हा लिहून काढली. मिखाएल ब्यूश आणि त्यांचे सहकारी यांचा हा 'बीसीएम४३एक्सएक्स' ड्रायव्हर डिसेंबर २००५ मध्ये जाहीर झाला आणि जून २००६ च्या २.६.१७ या कर्नेलमध्ये आला.

तरी एक अडचण उरली. चिपच्या आत स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, दर वेळी संगणकाने भरावा लागतो. हे फर्मवेअर कंपनीच्या मालकीचे, ते वाटायची परवानगी नव्हती. म्हणून 'फर्मवेअर कटर' नावाचे साधन आले : कंपनीचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घ्या आणि त्यातून फर्मवेअरचा तुकडा आपल्या हाताने कापून काढा. आता वाय-फाय चालू करायला इंटरनेट हवे आणि इंटरनेट हवे तर वाय-फाय चालू हवे. दोर विहिरीत पडला आहे आणि तो काढायला दोरच पाहिजे, अशातली गत.

अथेरॉस या कंपनीचा मार्ग वेगळा. तिच्या चिपसाठी 'मॅडवायफाय' हा ड्रायव्हर होता, पण त्याचा गाभा कुलूपबंद होता आणि कारण तेच, लहरींचे नियम. ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीतले राइक फ्लोटर यांनी तो गाभा स्वतंत्रपणे नव्याने लिहिला. त्यावरून लिनक्सने 'एथ५के' ड्रायव्हर करायचे ठरवले, तेव्हा हे चोरून तर लिहिलेले नाही ना, अशी शंका निघाली. २००७ मध्ये वकिलांच्या एका संस्थेने कोड तपासून तो स्वच्छ असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर गाडी रुळावर आली. २००८ मध्ये अथेरॉसने स्वतःच 'एथ९के' हा संपूर्ण खुला ड्रायव्हर दिला, जुन्या गाभ्याचा कोडही खुला केला आणि लिनक्सच्या जगातले लुइस रॉड्रिगेझ आणि वर उल्लेख आलेले मालिनेन यांना नोकरीवर घेतले. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही आपल्या नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर जाहीर केला. ज्यांच्यासाठी दार पाच वर्षे ठोठावले, त्यांनी ते आतून उघडले.

याच काळात दुसरे एक काम शांतपणे चालले होते. दर ड्रायव्हर आपापल्या परीने वाय-फायचे सगळे नियम नव्याने लिहीत होता. ते एकाच जागी लिहून सर्वांनी वापरावेत म्हणून 'मॅक८०२११' हा समान पाया २००७ मध्ये कर्नेलमध्ये आला. त्यानंतर नवा ड्रायव्हर लिहिणे पुष्कळ सोपे झाले.

मध्येच थोडे माझे

२००६ मध्ये पुण्यात आम्ही तिघी मैत्रिणी एका वाड्यात मागच्या खोल्यांत भाड्याने राहत होतो. ब्रॉडबँडची जोडणी पुढच्या खोलीत, घरमालकीण काकूंच्या फोनजवळ. मी पंधरा मीटरची केबल आणली, तर काकू म्हणाल्या, "उंबऱ्यावरून वायर नको गं, रात्री पाय अडकून पडायची मी." त्यांचे बरोबर होते. राउटर घेतला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होते आणि त्यातल्या कार्डाचा दिवा काही लागेना. कार्ड कोणत्या कंपनीचे ते सांगत नाही, कारण तेव्हा थोड्याफार फरकाने सगळ्यांची तीच कथा होती.

दिवसा कंपनीचे काम आणि रात्री हे. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की संगणकातल्या प्रत्येक भागाचा क्रमांक कळतो. तो क्रमांक वहीत लिहून सायबर कॅफेत जायचे, त्या चिपविषयी लोकांनी लिहून ठेवलेल्या टिपा आणि फायली पेन ड्राइव्हवर घ्यायच्या, घरी येऊन करून पाहायचे. आधी सोंगाड्या रॅपर वापरला. दिवा लागला, पण लॅपटॉप झोपवून उठवला की सगळे गोठून जाई. मग नवे कर्नेल आले, त्यात माझ्या चिपचा खुला ड्रायव्हर होता. कर्नेल बांधायला त्या यंत्रावर दीड-दोन तास लागत. तिसऱ्या रात्री मागच्या खोलीत बसून मी आमच्याच राउटरचे नाव पडद्यावर पाहिले. मैत्रिणींना उठवून दाखवले, त्यांनी "बरं" म्हणून पुन्हा पांघरूण ओढले.

मला त्या रात्री मिळाले ते इंटरनेटपेक्षा जास्त होते. चार वर्षे नोकरी करूनही मी कोणाचा संपूर्ण ड्रायव्हर पहिल्या ओळीपासून वाचला नव्हता. इथे तो वाचता येत होता. मधूनच कोणी लिहिलेले दिसे की हा आकडा का लागतो ते माहीत नाही, पण तो काढला तर रेडिओ बंद पडतो. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत सूत्रे पाठ केली, पण काम करणारी माणसे 'हे आम्हाला कळलेले नाही' असे चारचौघांत लिहून ठेवतात, हे मी तिथे पाहिले. पुढे मी याच क्षेत्रात राहिले त्याचे ते एक कारण.

परिणाम

पहिला परिणाम रोजचा आहे. आज बहुतेक लॅपटॉपवर लिनक्स टाकले की वाय-फाय लगेच दिसते. घरातले राउटर, टीव्ही, अँड्रॉइड फोन, सगळीकडे हाच पाया आहे. ज्या कंपन्या तेव्हा पुस्तिका दाखवत नव्हत्या, त्यांतल्या कित्येकांचे पगारी अभियंते आज कर्नेलसाठी ड्रायव्हर लिहितात.

दुसरा परिणाम अपुरा राहिला आहे, तोही सांगायला हवा. फर्मवेअर अजून बंद आहे. डेबियन ही लिनक्सची जुनी आणि तत्त्वाला चिकटून राहणारी आवृत्ती. बंद फर्मवेअर आपल्या मुख्य सीडीत घ्यायचे नाही, असा तिचा दंडक होता. २०२२ मध्ये त्यांच्या सदस्यांनी मतदान घेतले आणि २०२३ च्या आवृत्तीपासून ते आत घेतले. काहींना ही माघार वाटली. मला दोन्ही बाजू पटतात. यंत्राचा प्रत्येक कप्पा मालकाला उघडता यावा हे योग्यच. पण खेड्यातल्या मुलाकडे दुसरा संगणक नसताना त्याला विहिरीतल्या दोराकडे बोट दाखवणेही बरे नव्हे.

तिसरा परिणाम माणसांचा. लॅरी फिंगर हे नाव लिहून ठेवते. २००५ पासून ते या कामात होते, ब्रॉडकॉमच्या चिपपासून पुढे रियलटेकच्या ड्रायव्हरपर्यंत. त्यांनी केलेल्या दीड हजारांहून अधिक दुरुस्त्या कर्नेलमध्ये आहेत. कोणाचे कार्ड चालत नसेल तर ते वर्षानुवर्षे अनोळखी माणसांना उत्तरे देत राहिले. जून २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या एखाद्या दुरुस्तीवर चालणारा लॅपटॉप या क्षणी जगात कुठेतरी कोणाच्या तरी मांडीवर असेल, आणि त्या माणसाला त्यांचे नावही माहीत नसेल.

शाळेची संगणक खोली

हे सगळे आपल्या शाळेशी कसे जोडलेले आहे ते आता सांगते. आपल्या बॅचच्या ग्रुपवर ठरल्याप्रमाणे आपण जुने लॅपटॉप गोळा केले. अकरा आले. त्यातल्या बहुतेकांवर विंडोज १० होते आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला. नवे विंडोज ती जुनी यंत्रे घेत नव्हती. कोणाच्या तरी हिशेबाने ती भंगार झाली होती. कीबोर्ड, पडदा, प्रोसेसर सगळे ठणठणीत होते.

दोन रविवार बसून आम्ही तिघा-चौघांनी सगळ्यांवर लिनक्स टाकले. नऊ यंत्रांवर वाय-फाय तत्काळ दिसले. एकाला फर्मवेअरची फाईल लागली, ती मोबाइलला केबल लावून उतरवली. एकाचे कार्डच गेलेले होते, त्याला काहीशे रुपयांचा यूएसबी डोंगल लावला, तोही खुला ड्रायव्हर असलेला पाहून. मला पुण्यात तीन रात्री लागल्या होत्या, इथे चहा होईपर्यंत काम झाले. मधल्या काळात वर सांगितलेल्या माणसांनी जे केले, त्याचे माप मला त्या चहाच्या वेळात कळले.

नववीतली चार मुले मदतीला होती. त्यांना 'एलएसपीसीआय' दाखवले. इंटेलच्या प्रत्येक भागापुढे ८०८६ हा क्रमांक येतो. इंटेलच्या जुन्या, प्रसिद्ध प्रोसेसरचा तो आकडा, कंपनीने तोच आपला ओळख क्रमांक म्हणून घेतला आहे. हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, "मग ताई, हे सगळं आपल्याला उघडून वाचता येतं?" ड्रायव्हर येतो, फर्मवेअर नाही, असे खरे उत्तर दिले. ती म्हणाली, "का नाही?" मी कारणांचा रकाना सांगायला लागले, तेवढ्यात घंटा झाली.

तिचा प्रश्न मी जपून ठेवला आहे. आपल्या गणिताच्या सरांना नुसते उत्तर चालत नसे. पायऱ्या लिहिल्या नाहीत तर उत्तर बरोबर असूनही गुण कापत. तेव्हा रागच यायचा. वाय-फायच्या या सगळ्या भांडणात एका बाजूची मागणी तीच होती : पायऱ्या दाखवा. ज्या मुलीच्या हातात तसे यंत्र आहे, ती फक्त ते वापरणार नाही, एखाद्या दिवशी त्यातले काहीतरी दुरुस्त करील. केरळने आपल्या शाळांमध्ये मुक्त प्रणाली फार पूर्वीच नेली. आपली एक खोली आणि अकरा यंत्रे आहेत. सुरुवात म्हणून ती पुरेत.

संगणक खोलीत अजून पाच-सहा बाके रिकामी आहेत. कोणाच्या माळ्यावर जुना लॅपटॉप पडून असेल, चालू असो वा बंद, तर स्नेहसंमेलनाला येताना पिशवीत घालून आणा. चार्जर विसरू नका.